पांढऱ्या फेसाचं पाणी

हे मी बोलून राहिलो अन् माही पोरगी लिहून राहिली. मले लिहिता येत नाही. शाळेत गेलोच नाही असं नाही. एक दिवस सकाळी गेलो. मास्तरनं हातात घागर देली अन् म्हणलं, "जा रे, पाणी घेऊन ये." ती घागर घेऊन मी जो निघालो, तो आंब्याखाली झोपलो, मंग बैलामागं लागलो, मंग मिशा फुटल्या अन् गोंदियावरून गाडीत बसून भिलाईले आलो. हिशेबानं पाह्यलं तं मी अजून पाणी आणालेच गेलेलो आहो. मास्तर बिचारा तहानलेला बसला असन.

तं पाण्याचा अन् माहा संबंध जुना आहे, अन् पहिल्यापासूनच बिघडलेला आहे.

भिलाईत मी प्लांटात ठेकेदाराच्या हाताखाली खलाशी होतो. खलाशी म्हणजे जहाजावरचा नाही. साखळी बांधा, वजन उचला, हय्या म्हणा, अन् काही खाली आलं तं पाय मागं घ्या. शेवटचं काम मी सगळ्यात चांगलं करत होतो. घर मरोद्याले, प्लांटाच्या बाजूच्या वस्तीत. ड्युटीवरून आलो की मी वळखू येत नव्हतो. एकदा तं माह्याच कुत्र्यानं मले फाटकाबाहेर उभं ठेवलं, अन् बायको अंदरून म्हणे, "अजी, कोण आहे ते पाहा न," अन् मी बाहेरून म्हणून राहिलो, "अवं, मीच आहो तो पाहणारा."

आमच्या गल्लीत सगळ्या घरी एक कायदा होता. ड्युटीचा माणूस आंगणातल्या दगडावर बसन, आंग घासन, अन् फेस पांढरा निघाल्याशिवाय उंबरठ्याच्या आत येणार नाही. पहिला फेस काळा निघे, डांबरासारखा. दुसरा राखेसारखा. मंग कुठं पांढरा. माही बायको दारात हात कमरेवर ठेवून उभी राहे, गेटवरच्या सिक्युरिटीसारखी. फेस पांढरा दिसला की बाजूले सरके. बायका तं भिंतीवरून एकमेकीले विचारत, "तुमचे आले का पांढऱ्यावर?" "नाही वो बाई, आमचे अजून राखाडीतच आहेत."

इतकी वर्षं दगडावर बसून माह्या डोक्यात एकच धडा पक्का बसला. फेस पांढरा म्हणजे माल साफ. उभ्या जन्मात एक धडा शिकलो, अन् तोही चुकीचा निघाला. त्याचीच ही गोष्ट आहे.

माही पोरगी रायपूरले सासरी असते. शाळेत विज्ञान शिकवते. दिवस गेले तवा आमच्या घरी नुसता आनंद. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात ठरलेलंच असते. बायकोनं डिंक आणला, मेथ्या आणल्या, जुनी लुगडी धुऊन दुपटी शिवली. मले काम देलं होतं गप्प बसायाचं, ते मले जमलं नाही.

पण पोरीची सासू म्हणे, इथंच राहू द्या, दवाखाना जवळ आहे, पाणी फिल्टरचं आहे. बाई चांगली आहे, मनात काही वाईट नाही. पण माह्या बायकोनं ते पाण्याचं वाक्य असं धरलं जसं कोणी तिच्या सैपाकात केस दाखवला. त्यात पोरीचा फोन आला.

"बाबा, मी येईन. पण पाणी कशात भरून ठेवता?"

"कशात म्हणजे? ड्रममधी."

"तोच ड्रम? हिरवा?"

"हिरवा तो आता झाला. घेतला तवा पांढरा होता."

हे खरं होतं. त्या ड्रममधी एक बेंडूक इतके दिवस राहत होता की त्याचं रेशन कार्ड तिथल्याच पत्त्यावर निघालं असतं.

"बाबा, मजाक नाही. आता मी एकटी नाही. चांगल्या भांड्यात पाणी भरा, झाकून ठेवा. मले पाणी बरं दिसलं नाही तं मी बॅगसुद्धा उघडणार नाही. दुसऱ्या दिवशी परत."

बायकोनं फोनमधून फक्त 'परत' ऐकलं. तिनं माह्याकडं पाह्यलं. त्या पाहण्यात डिंक होता, मेथ्या होत्या, शिवलेली दुपटी होती, अन् मी कुठंच नव्हतो. म्हणे, "अजी, माही पोरगी जर पाण्यापाई परत गेली न, तं तुमचा ड्रम तुमच्या डोक्यावर उलटा घालीन. बेंडकासकट."

मी सायकल काढली.

सुपेल्याकडं एक कबाडी आहे माह्या वळखीचा. त्याच्याकडं निळ्या कॅन होत्या, जाड, दोन्हीकडून धरता येणाऱ्या, टोपण असं घट्ट की उघडाले दोन माणसं लागतील. कुठल्या गोदामातून आल्या त्याले माहीत नव्हतं, अन् मी विचारलं नाही. एकीवर फाटका कागद चिकटला होता, इंग्रजी अक्षरांचा. मले काय, हिंदी असती तरी मी रंगच वाचला असता.

पण घ्यायाच्या आधी टेस्ट केली बरं. मी काही मूर्ख नाही, म्हणजे पूर्ण नाही. प्लांटात सिलेंडरची टेस्ट करतात तशी केली. टोपण लावलं, दाबलं, पाण्यात बुडवलं, बुडबुडे आले नाहीत. लीक नाही, पास. ठोकलं, आवाज भरीव. पास. मंग नाक घातलं अंदर. हलका साबणासारखा वास. मी कबाड्याले म्हणलं, "भाऊ, तू तं धुऊन ठेवल्या." तो म्हणे, "हां, धुली हुई है." त्यानं आयुष्यात स्वतःचा गंजिफराक धुतला नव्हता, कॅन कुठून धुणार! पण मले ऐकायाचं होतं तेच त्यानं म्हणलं.

तीन कॅन होत्या. तिन्ही उचलल्या. माणसाचं डोकं चाललं नाही की हात जास्त चालते.

घरी आणून पाण्यानं विसळली तं फेस. पांढराशुभ्र. परत विसळली, परत फेस. टाकीतून नळी लावून विसळली, तरी वरून फेस असा निघे जसं दूध उतू जाते. बायको दारात येऊन उभी राहिली. जुनी सवय.

"अजी, हे पाणी हासून कावून राहिलं?"

"अवं, साफ आहे म्हणून. पाह्य न, पहिल्याच खेपेले पांढरा! काळा नाही, राखाडी नाही, डायरेक्ट पांढरा. अशी कॅन मी पाह्यली नाही."

तिनं पाह्यलं, अन् इतक्या वर्षांत पहिल्यांदा माह्या कामावर काही बोलली नाही. बाजूले सरकली. मले वाटलं, मेडल भेटलं.

आनंदाच्या भरात माणूस दानशूर होते. एक कॅन शेजारच्या भाऊले देली. हा भाऊ नागपूरकडचा, रेल्वेत गार्ड होता, आता रिटायर. घरात बायकोले हाक मारायची तरी आधी हिरवी झेंडी दाखवल्यासारखा हात करते. अन् तिसरी कॅन देली कोपऱ्यावरच्या गुपचुपवाल्याले. गुपचुप म्हणजे तिकडं तुम्ही पाणीपुरी म्हणता ते. त्याच्यामागं माही हुशारी होती. पोरगी लहानपणापासून त्याच्याच ठेल्यावर खाते, तिले आता डोहाळे आंबटाचे. त्याची बादली मी पाह्यली होती, त्यात चिंचेपेक्षा दुसरंच काही जास्त होतं. म्हणलं, पोरगी इथं येणारच, तं तिचं गुपचुपचंही पाणी साफ पाहिजे. बाप असावा तं असा. हे मी स्वतःच स्वतःले म्हणलं, दुसरं कोणी म्हणलं नाही.

दोन-चार दिवसांत पोरगी आली. जावई सोडून गेला, म्हणे काही लागलं तं उद्या गाडी घेऊन येतो. बॅग दारात ठेवली होती, भिंतीले टेकून. बायकोनं तिची नजर काढली, पाय धुतले, अन् मी मोठ्या थाटात स्टीलच्या गिलासात पाणी वतलं. नव्या कॅनमधून. उंचावरून वतलं, म्हणजे फेस चांगला यावा.

पोरीनं गिलास हातात घेतला. पेली नाही. गिलासाकडं पाहत राहिली.

"बाबा, ये क्या है?"

"पाणी."

"झाग कावून आहे?"

"साफ आहे म्हणून."

तिनं गिलास खाली ठेवला. ओसरीत गेली, कॅनभोवती फिरली, खाली बसली एवढं पोट घेऊन, अन् तो फाटका कागद वाचला. एकदा वाचला. परत वाचला. मंग माह्याकडं पाह्यलं, शाळेत पोरं पाहत असतील तसं. मी आपोआप हाताची घडी घातली.

"बाबा, यावर काय लिहिलं आहे माहीत आहे?"

"निळा रंग लिहिला आहे."

"आग विझवायचा फेस! फायरवाल्यांचा. तेलाले आग लागली की मारतात तो. ह्याच्यात त्याचं रसायन होतं."

मी म्हणलं, "मंग तं बरंच आहे न. तुह्या आईच्या तिखटानं पोटात जी आग लागते..."

"बाबा!"

मी हाताची घडी अजून घट्ट केली. बायको हासाले लागली होती, पोरीचं तोंड पाहून थांबली. तिनं हळूच विचारलं, "माय, आम्ही तीन-चार दिवस हेच पिऊन राहिलो. काय होईन आता?"

पोरगी आमच्याजवळ बसली. घाबरवलं नाही तिनं, हे सांगतो. म्हणे, "आई, तीन-चार दिवसांच्या पाण्यानं कोणी पडत नाही. बंद केलं की बंद. पण हे रसायन हट्टी आहे. कोण्या नदीत गेलं, मातीत गेलं, आंगात गेलं, सडत नाही, मोडत नाही, लवकर निघत नाही. थोडं थोडं करून साचते. अशी नवी नवी रसायनं आता पाण्यात सापडून राहिली. फेसातली, न चिकटणाऱ्या तव्यावरची, औषधांची, फवारणीची. पहिले कोणी शोधतच नव्हतं, म्हणून दिसत नव्हती. साध्या तपासणीत अजूनही दिसत नाहीत."

"मंग त्यानं होते काय?"

"ह्या फेसवाल्यानं? लय वर्षं पोटात जात राहिलं तं कोलेस्टेरॉल वाढते म्हणतात, थायरॉईडवर जाते, बाळाचं वजन कमी भरू शकते. अन् लहान पोराले लस देली तरी आंग तिच्याकडून पुरतं शिकत नाही. काही गोष्टी पक्क्या झाल्या, काहींचा अभ्यास चालूच आहे. पण बाळ पोटात असताना मी चान्स घेणार नाही."

मले ते लसीचं समजलं. लस म्हणजे मास्तर, आंग म्हणजे मी. मास्तर आला, शिकवून गेला, अन् आंग घागर घेऊन आंब्याखाली झोपलं. एकदम घरचा मामला.

"उकळून घेऊ न मंग," मी म्हणलं. हुशारी अजून बाकी होती.

"उकळल्यानं जंतू मरतात. हे जंतू नाही. पाणी वाफ होऊन उडून जाईन अन् हे खालीच राहीन, उलटं घट्ट होईन."

म्हणजे खिचडी आटते तसं. मी आता गप्पच बसायाचं ठरवलं. पण बायकोनं तेवढ्यात मले पाह्यलं. खालमुंड्यानं कोपऱ्यात बघून राहिलो होतो. तिले माहा प्रत्येक कोपरा माहीत आहे.

"अजी. बाकीच्या दोन कॅन कुठं आहेत?"

पोरीनं मान वर केली. "बाकीच्या म्हणजे?"

मंग सांगावं लागलं. शेजारच्या भाऊचं सांगतलं तवा पोरीनं कपाळाले हात लावला. गुपचुपवाल्याचं सांगतलं तवा हात तिथंच राहिला.

"बाबा, आजूबाजूच्या पोरीबाळी, पोटुशा, लहान लेकरं, सगळी त्याच्याकडंच खातात न?"

"सगळी," मी म्हणलं.

ती उठली, दारातल्या बॅगजवळ गेली अन् चेनवर हात ठेवला. उघडली नाही. म्हणे, "दोन्ही कॅन पाण्यासकट परत आणा. नालीत वतू नका, ते तलावात जाते. टोपण लावून आणा. तुमाले वाटत असन मी पाण्यावर रुसली. पाण्यावर नाही. माह्या बाळानं ज्या गल्लीत यायचं आहे ती गल्ली हे पिणार अन् मी फिल्टरचं पिणार, हे मले जमणार नाही. कॅन आल्या तं बॅग उघडीन. नाही तं उद्या गाडी येऊनच राहिली."

बायकोनं सायकल दारात आणून उभी केली.

शेजारच्या भाऊनं कॅन ओसरीत अशी बसवली होती जसा गणपती बसवतात. तोटी लावली होती, तोटीले साखळी, साखळीले गिलास. रेल्वेची सवय, गिलास चोरीले जाऊ नये म्हणून. स्वतःच्याच घरात.

"भाऊ, ती कॅन परत पाहिजे."

"काय बे! देलेलं परत मांगते? येडा झाला का?"

"खराब आहे ती."

"खराब? अबे, एवढी मजबूत कॅन! मी यावर उभा राहून पंखा पुसला."

मी सगळं सांगतलं. आग, फेस, तवा, लस. मधातलं थोडं विसरलो, तिथं माह्याकडून भर घातली. भाऊ ऐकत गेला अन् त्याचं तोंड सिग्नल पडल्यासारखं उतरत गेलं.

"म्हणजे तू मले आग विझवायचं पाणी पाजलं?"

"मीही पेलो न."

"तू पेला तं मी कावून पिऊ? तू तं एकदा ग्रीसचा डब्बा श्रीखंड समजून उघडला होता!"

हे त्याले कोणी सांगतलं माहीत नाही. म्हणजे बायकोनंच सांगतलं. पण भाऊ माणूस सोन्याचा. गिलास सोडवला, साखळी गुंडाळून खिशात घातली, टोपण आवळलं, अन् कपाटातून जुनी लाल झेंडी काढून कॅनले बांधली. "आता हे पाणी पुढं जाणार नाही," म्हणे. "चल, मीही येतो. तुह्या एकट्याच्यानं गुपचुपवाला नाही आवरणार."

कोपऱ्यावर गेलो तं ठेल्यावर ही गर्दी! एवढी गर्दी मी तिथं कधी पाह्यली नव्हती. पोरीसोरी, बायका, शाळेतून सुटलेली पोरं, हातात द्रोण. अन् गुपचुपवाला त्या निळ्या कॅनमधून पाणी काढून राहिला, वर हा पांढरा फेस, अन् वरडून राहिला, "सोडावाला गुपचुप! सोडावाला गुपचुप!"

मले पाह्यलं अन् त्याचे डोळे भरून आले. "कका! तोर डब्बा म लछमी हे! पानी म अपने-आप झाग आथे. दू दिन म नाव होगे मोर!" तो छत्तीसगढी बोलते. म्हणजे माह्या डब्ब्यात लक्ष्मी आहे, फेस आपोआप येते, दोन दिवसांत त्याचं नाव झालं.

मी म्हणलं, "बेटा, तो डब्बा वापस दे."

त्यानं कॅनले मिठीच मारली. "नइ देवंव!" देणार नाही. "मोर धंधा ल नजर झन लगा, कका." धंद्याले नजर लावू नको, म्हणे.

गर्दीतली एक बाई म्हणे, "काका, लाइन से आओ." एक पोरगं म्हणे, "इनको जलन हो रही है." भाऊनं तोंडात शिट्टी घातली होती, पण वाजवाची की नाही त्याले समजून राहिलं नव्हतं.

मंग मी काय केलं? मी ठेल्याच्या लाकडी पेटीवर चढलो अन् सगळ्यांसमोर बोललो. हिंदीत, म्हणजे माह्या हिंदीत. म्हणलं, भाइयो और बहनो, मैं अनपढ़ हूँ. ये डब्बा मैंने दिया. इसमें आग बुझाने का दवाई था. मैंने झाग देखके साफ समझा. मेरी लड़की पढ़ी-लिखी है, उसने देखा तो पता चला. अब ये सोडा नहीं है, ये मेरा दिमाग है जो फेस मार रहा है.

लोक हासले. इतके हासले की मले वाटलं मी नाटकात जायाचं सोडून उगाच प्लांटात गेलो. पण द्रोण खाली ठेवले. एका बाईनं आपल्या लेकराच्या हातातला द्रोण काढून घेतला अन् माह्याकडं असं पाह्यलं की मी पेटीवरून आपोआपच उतरलो.

गुपचुपवाला मात्र कॅन सोडेना. आता रागानं नाही, त्याचा चेहरा पडला होता. त्याची एवढी गर्दी माह्याचपाई झाली अन् माह्याचपाई गेली. मी त्याच्या जवळ गेलो. म्हणलं, "पोरगी आली आहे रे बाळंतपणाले. तुह्या हातचं खायासाठी झुरून राहिली. पण ह्यातलं खाणार नाही. अन् ह्या कॅन परत नेल्या नाही तं उद्या ती रायपूरले जाते."

त्यानं वर पाह्यलं. "दीदी आए हे?"

"आली आहे."

"पेट ले?" म्हणजे पोटुशी का?

"हो. दिवस भरले."

पोरगी पाचवीत असताना तो तिले एक गुपचुप जास्तीचं देत होता. पाणी तोंडात गेलं की तिचा चेहरा कसा व्हते हे पाहून तो हासत असे. त्यानं कॅनचं टोपण उचललं अन् स्वतःच्या हातानं आवळलं. मंग म्हणे, "फेर मैं पानी कामा धरिहंव, कका?" आता मी पाणी कशात ठेवू?

माह्या तोंडून निघून गेलं, "मी देतो न. पाणी भरायाचा स्टीलचा गुंड आहे घरी, घागरीसारखा. मोठा."

डोकं चाललं नाही की तोंडही जास्त चालते.

घरी गेलो, फळीवरचा गुंड उचलला, गेलो, देऊन आलो. येताना सायकलच्या एका बाजूले एक भरलेली कॅन, दुसऱ्या बाजूले दुसरी, मधात मी, अन् पुढं भाऊ शिट्टी वाजवत, कॅनची लाल झेंडी सोडवून हलवत. मरोद्याची सगळी कुत्री मागं. पोरं वरडत, "फायर ब्रिगेड आई! फायर ब्रिगेड आई!" मले दोनदा पडावं वाटलं, पण पडलो तं पाणी सांडन, म्हणून पडलो नाही. माह्या आयुष्यात ती एकच वेळ मी तोल सांभाळला.

तिन्ही कॅन मागच्या टिनाखाली ठेवल्या, कुलूप लावलं, वर भाऊची झेंडी. धोक्याचा कचरा नेणारी गाडी कुठून मांगवाची ते पोरीनं फोन करकरून शोधलं, अन् ती गाडी काही दिवसांनी आली. पुढं मी कबाड्याकडंही गेलो. म्हणलं, भाऊ, असली कॅन पाण्यासाठी विकू नको, मधात भोकच पाडून टाक. तो म्हणे, पढ़ना नहीं आता. मी म्हणलं, मले कुठं येते? आता तो ज्या कॅनवर कागद दिसते तिले आधी भोक पाडते, मंग बोलते. चांगल्या दोन-चार कॅनलेही पाडले असतील. असू दे.

त्या संध्याकाळी घरात पाय ठेवला तं बायको फळीसमोर उभी.

"अजी. माहा गुंड कुठं आहे?"

आता ऐका. तो गुंड तिच्या आंदणातला. पोरगी झाली तवा बायकोनं गावच्या विहिरीवर तोच गुंड घेऊन पाणी पुजलं होतं. आमच्यात बाळंतीण उठली की विहीर पुजते, हळदकुंकू वाहते, नवं पाणी भरून घरात आणते, तवाच तिचे हात घरच्या पाण्याले लागतात. तोच गुंड तिनं पोरीसाठी घासूनपुसून ठेवला होता.

मी सांगतलं. तिनं डोळे मिटले. म्हणलं, "थांब, परत मांगून आणतो." तिनं डोळे उघडले.

"दिवसभर देलेलं परत मांगत फिरले, आता तिसऱ्यांदा जाता? गुपचुपवाल्याचे डोळे एकाच दिवशी दोनदा ओले करता?"

"मंग करू काय?"

"काही नोको. तुमी काही करू नोका. तुमी काही केलं की कॅन येतात."

तेवढ्यात मागच्या खोलीतून चेनचा आवाज आला. सर्रकन. बॅगची चेन. बायको बोलता बोलता थांबली. आम्ही दोघंही तसेच उभे. मंग कपाटाचं दार वाजलं, मंग हँगर वाजले. बायकोनं पदरानं डोळे पुसले अन् म्हणे, "जाऊ द्या गुंड."

पुढचं काय सांगू! पाणी आता स्टीलच्या कोठीत भरतो, झाकून. जावयानं फिल्टर बसवला, कोळशाचा अन् काय काय असलेला, अन् पोरीनं मले बजावलं की त्यातली कांडी वेळेवर बदलली नाही तं फिल्टर नुसता शोभेचा. मी म्हणलं, "कळलं. माह्यासारखा." नळाचं पाणी बाजूच्या दुर्ग शहरात तपासाले देलं, साधं सगळं बरं निघालं. बाकीचं तिथं तपासताच येत नाही म्हणे. पोरगी म्हणते, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणावं, पण आपल्या हातानं भर घालू नये. अन् फेस दिसला की बायको आता मलेच विचारते, "अजी, हे हासून राहिलं का साफ आहे?"

नात झाली. चांगली वजनदार. नर्सनं काट्यावर ठेवली तं मी म्हणलं, हय्या. पोरगी हासली अन् टाके दुखले म्हणून रागावली.

मंग सव्वा महिना झाला, पाणी पुजायाचा दिवस आला. मरोद्याले विहीर कुठं? आमच्या कोपऱ्यावर बोरिंग आहे, हातानं हापसायचा. बायको म्हणे, बोरिंग तं बोरिंग, पाणी मातीतूनच येते. पण गुंड नव्हता. ती प्लास्टिकची बादली घेऊन निघाली, तोंड एवढंसं करून, अन् मी मागं मागं, माहं तोंड तं नेहमीच एवढंसं.

कोपऱ्यावर पोचलो तं ठेला बंद होता. गुपचुपवाला पांढरा सदरा घालून बोरिंगजवळ उभा, अन् चबुतऱ्यावर तो गुंड. चिंचेनं घासून घासून असा केलेला की त्यात मी माहा चेहरा पाह्यला अन् दचकलो. त्याच्या तोंडाशी आंब्याची पानं लावलेली. त्याले कोणी सांगतलं? भाऊनं. भाऊ बाजूलेच उभा होता, हातात हिरवी झेंडी.

"दीदी," गुपचुपवाला म्हणे, "तोर गुंड. आज के दिन तोर, काली ले फेर मोर." आजचा दिवस तिचा, उद्यापासून परत त्याचा.

पोरीनं हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वटी भरली. भाऊनं झेंडी हलवली. मी बोरिंग हापसला. पाणी गुंडात पडलं, नितळ, अन् आम्ही सगळे वाकून पाहाले लागलो. बायको, पोरगी, भाऊ, गुपचुपवाला, मी. फेस नव्हता. एकसुद्धा बुडबुडा नव्हता.

"पास," मी म्हणलं.

पोरगी लगेच म्हणे, "बाबा, फेस नाही म्हणून पास, असंही नसते."

म्हणजे तोही धडा गेला. असू दे. पोरीनं गुंड कमरेवर घेतला, नातीले बायकोनं घेतलं, गुपचुपवाल्यानं ठेला उघडला अन् त्या दिवशी सगळ्या गल्लीले गुपचुप फुकट वाटले, पाणी घरच्या कोठीतलं. पोरीनं पहिलं तोंडात टाकलं अन् तिचा चेहरा तसाच झाला जसा पाचवीत व्हत होता. अन् मी रिकामी बादली घेऊन मागं उभा. मास्तर, पाणी आणलं बरं का. थोडा उशीर झाला.